कोऱ्या रकान्याचा पगार

पाण्याचे मीटर दुरुस्त करणाऱ्या त्या सरकारी वर्कशॉपात ताईंचा दरारा असा, की त्यांना बघून ढिला नटसुद्धा नीट बसावा. मेकॅनिक म्हणून वर्षानुवर्षं हात काळे करून त्या सुपरवायझर झाल्या होत्या, पण खुर्चीत बसणं काही त्यांना जमलं नाही. कुणी मीटर उघडला की या त्याच्या खांद्यामागे हजर. अरे हळू, चाकाचा दात जाईल, म्हणायच्या आणि चूक व्हायच्या आधीच हात धरायच्या. सासूसुद्धा इतकं बघत नाही, असं पोरं मागून म्हणत.

मग सरकारला सुचलं, की पगार कामगिरीवर द्यायचा. मेकॅनिकने जितके मीटर दुरुस्त केले तितकी त्याची वाढ. आणि सुपरवायझरचं काम मोजायचं कसं? तर त्याने किती सदोष मीटर पकडून परत पाठवले ते बघायचं. झालं! ताईंचा रकाना कोराच. चुका होऊच दिल्या नाहीत, तर पकडणार काय, कपाळ? ताईंच्याच हाताखाली शिकलेला एक मेकॅनिक होता, त्याला सगळे चिमटा म्हणत. वर्षअखेरीला त्याचा पगार ताईंच्या पुढे गेला. ताईंचे यजमान शिंपी. ते म्हणाले, आता चिमट्याला चहा नेऊन देत जा. ताई हसल्या नाहीत. पैसे गेले ते गेलेच, पण आपण वर्षभर काहीच केलं नाही असं कागदावर आलं, हे त्यांना फार झोंबलं होतं.

पोरांनाही वाईट वाटलं. त्यांनी आपसात ठरवलं आणि रोज एकेक मीटर मुद्दाम बिघडवून ठेवायला लागली. कुणाचा स्क्रू ढिला, कुणाची काच तिरकी. ताईंनी पकडलं की त्यांचा रकाना भरेल. यात आपली वाढ कापली जाईल, हे कळत असून केलं, शहाण्यांनी! ताईंच्या लक्षात यायला कितीसा वेळ लागणार? इतक्या बावळट चुका तिथे नवशिकाही करत नसे. त्यांनी लिहायला पेन उचललं. खोटं कशाला बोलायचं, मोह झाला. मग पेन ठेवलं आणि सगळ्यांना असं फैलावर घेतलं, की जेवण सोडून पोरं मीटर नीट करत बसली.

दुसऱ्या दिवशी ताई साहेबांकडे गेल्या, मला पुन्हा मेकॅनिक करा म्हणाल्या. साहेबांनी समजावलं, की मग इतरांचं काम बघायचे पैसे मिळणार नाहीत.

"आत्ता तरी कुठे मिळतात?" ताई म्हणाल्या.

साहेबांनी खुर्ची चिमट्याला देऊ केली. त्याने हात जोडले, म्हणाला, मला घर चालवायचंय. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. शेवटी ते लोढणं साहेबांच्याच गळ्यात पडलं. ताई आपल्या टेबलाशी मान खाली घालून बसू लागल्या. दुसऱ्याकडे बघितलं तर स्वतःचा मीटर राहायचा. साहेब खाली उतरायचे ते संध्याकाळी, सगळं झाल्यावर. घाईघाईत केलेले सदोष मीटर त्यांना ढिगाने सापडायचे आणि ते आनंदाने लिहून घ्यायचे.

पुढच्या वर्षअखेरीला वरून पत्र आलं. वर्कशॉपची देखरेख प्रथमच समाधानकारक झाली, म्हणून साहेबांचं अभिनंदन आणि घसघशीत पगारवाढ. साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. ताईंनी टाळ्याही वाजवल्या.

घरी येऊन मात्र त्या रडायला लागल्या. यजमान घाबरले. यंदा तर तुझाही पगार वाढला, मग झालं काय, म्हणून विचारू लागले.

"प्रथमच, म्हणतात," ताई म्हणाल्या.