जीप भरायला लागणारा वेळ

मॅडमनी दोन आलेख एकाच कागदावर काढून आमच्यापुढे सरकवले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला की समजायचं, आता काही खैर नाही.

"हा एक अकोल्याचा स्टँड. आणि हा दुसरा कुठल्या गावचा?"

दोन्ही अकोल्याचेच होते. एक माझ्या नोंदींवरून काढलेला, दुसरा माझ्या मैत्रिणीच्या. संगमनेरच्या कॉलेजात आम्ही दोघी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि गणिताच्या प्रोजेक्टसाठी आम्ही अकोल्याहून राजूरकडे जाणाऱ्या जीपगाड्या निवडल्या होत्या. काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग रिकामी जीप भरायला साधारण किती वेळ लागेल, हे गणिताने आधी सांगता येईल का, एवढाच आमचा प्रश्न. विषय मी सुचवला होता. माझं निम्मं आयुष्य त्या जीपमध्ये वाट बघण्यात गेलेलं, म्हटलं त्याचं काहीतरी चीज होऊ दे.

मोजायची वेळ एकच ठरवली होती, दुपारी जेवणवेळेनंतरची. दिवस आलटून पालटून, एक दिवस मी, एक दिवस ती. तरी माझ्या गाड्या भराभर भरून सुटत होत्या आणि तिच्या ताटकळत उभ्या होत्या. थोडाफार फरक असता तर खपून गेला असता. हा जवळजवळ दुप्पट होता.

"तुमच्यापैकी एकीने आकडे घरी बसून भरलेत," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी सबमिशन आहे. कुणी भरले ते त्याआधी मला येऊन सांगा. नाहीतर माझी सही मिळणार नाही आणि वर्ष दोघींचं जाईल."

व्हरांड्यात आल्यावर आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. मी आकडे भरले नव्हते, हे मला माहीत होतं. म्हणजे राहिली ती. तिचं घर संगमनेरातच, अब्बांची बेकरी. एकटीने अकोल्याला जायची परवानगी तिने किती मिनतवाऱ्यांनी मिळवली होती, ते मी पाहिलं होतं. एखाद्या दिवशी घरच्यांनी सोडलं नसेल आणि हिने अंदाजाने आकडे टाकले असतील, असं माझ्या मनात येऊन गेलं. मी बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "तू तर रोज त्याच जीपने घरी जातेस. मोजायला खरंच थांबायचीस, की बसून निघून जायचीस?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी म्हटलं, "उद्या चल माझ्याबरोबर. समोरासमोर मोजू."

"चल," ती म्हणाली.

शनिवारी एसटीत आम्ही शेजारी बसलो आणि अकोलं येईपर्यंत एक शब्द बोललो नाही. एरवी ती बेकरीतून नानकटाईचा पुडा आणायची आणि तो निम्म्या वाटेतच संपायचा. त्या दिवशी पुडा तिच्या पिशवीत दिसत होता, पण तिने काढला नाही. मीही मागितला नाही. मेले असते तरी मागितला नसता.

स्टँडवर माझ्या चुलत्यांची जीप नंबराला लागलेली होती. मला पाहताच काका ओरडले, "उन्हात काय उभी ऱ्हाती गं? आत बस की." मी सवयीने चढले, मधल्या सीटवर बसले, बॅग मांडीवर घेतली आणि घड्याळ लावलं. मैत्रीण नेहमीप्रमाणे पलीकडे मेडिकलच्या दुकानासमोर उभी राहिली. तिथे सावली नावापुरतीच होती.

गाडी बघता बघता भरली. मी उतरून माझी जागा एका बाईंना दिली. काका मागच्या जीपवाल्याला म्हणाले, "आमची पोरगी हाय, तुझ्या गाडीत बसव." तेही नेहमीचंच. मी त्या रिकाम्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि सहज मागे पाहिलं.

रसाच्या गाड्याजवळ बाकड्यावर बसलेली माणसं उठत होती. पिशव्या उचलून गाडीकडे निघाली होती.

मी पाय खाली घेतला. माणसं थबकली. एकजण तर परत जाऊन बसला आणि त्याने आणखी एक ग्लास मागवला.

आम्ही गणितात धरून चाललो होतो की गाडीत आधी किती माणसं बसलीत, याच्याशी नव्या येणाऱ्याला काही देणंघेणं नसतं. साफ खोटं! रिकाम्या जीपमध्ये पहिलं बसायला कुणीच तयार नसतं. पहिला बसतो तो सगळ्यात जास्त रखडतो. मीसुद्धा घरी जाताना कधी पहिली चढले नव्हते. मोजायच्या दिवशी मात्र दरवेळी पहिली मीच असायचे, मांडीवर बॅग घेतलेली, आता निघणारच असं वाटायला लावणारी.

"का गं, बसंना?" काका म्हणाले. "तू बसली की गाडी लई लवकर भरती."

"म्हणजे तुम्ही मला मुद्दाम बसवत होतात?"

"मुद्दाम काय त्यात? तुला ऊन लागत न्हवतं अन् आमची गाडीबी भरत हुती."

मी रस्ता ओलांडून मैत्रिणीकडे गेले आणि सगळं सांगितलं. माझ्या नोंदी खऱ्या होत्या आणि तरीही त्यातली एकही कामाची नव्हती. तिच्याच तेवढ्या बरोबर. ती हुश्श करेल, निदान मला चार शब्द तरी सुनावेल, असं मला वाटलं होतं. ती जीपच्या रांगेकडे बघत राहिली.

"मला कुणी आत बस म्हणालं नाही, ते बरंच झालं म्हणायचं," ती म्हणाली.

मी बॅगेतून फोन काढला.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "उद्या दोघी बाहेर उभ्या राहून मोजा. तिच्या आधीच्या नोंदींशी जुळलं तर सही." संध्याकाळी घरी मी काकांशी कडाकडा भांडले. एवढे दिवस एक मुलगी तिथे उन्हात उभी राहते, तिला एकदा सावलीत बोलवावंसं वाटलं नाही का? काका ओशाळले. "वळखीची न्हाई, कसं बोलवायचं?" एवढंच म्हणाले.

सोमवारी आकडे जुळले, सही झाली. मला मात्र रविवार जास्त आठवतो. आम्ही दोघी मेडिकलसमोर उभ्या होतो. काकांची गाडी रिकामी होती. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि माझ्याकडे न बघता तिला हाक मारली, "ए पोरी, तूबी ये की. आत बस, ऊन लई हाय."

ती दचकली. क्षणभर मला वाटलं, ही आता जाणार. जावं, असंही वाटलं. खड्ड्यात गेला तो प्रोजेक्ट.

"नको काका," ती मोठ्याने म्हणाली, "आज बसले तर माझेपण आकडे बिघडतील."

मग ओढणीने तोंड पुसून तिने घड्याळात पाहिलं. गाडीत अजून कुणीही चढलं नव्हतं.