बिनगावाची बरणी

एस.टी. ठाण्याला लागली तेव्हा माझ्या पिशवीत एक रिकामी काचेची बरणी होती, तिच्या तोंडाला बांधायला मलमलचा तुकडा होता, आणि डोक्यात राग होता. बरणी भरून परत न्यायची होती. राग भरूनच आणला होता.

आधी त्या रागाचं सांगतो, नाहीतर एवढ्या लांब मी किडे शोधायला का गेलो ते कळणार नाही. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. वडील आठवडी बाजारात कांदे विकायचे. त्याच बाजारात मी फवारणीचे जुने पंप दुरुस्त करून विकले आणि त्या पैशांवर शिकलो. पहिल्या वर्षी कपाशीची शेतं तुडवून बोंडअळ्या गोळा केल्या, वसतिगृहाच्या खोलीत कॉटखाली वाढवल्या, पतंग झाले तसे टाचणीला लावले. आमच्या शास्त्रात प्रत्येक टाचणीखाली नखाएवढी चिठ्ठी असते. किडा कुठे सापडला, कधी, कुणी गोळा केला. ती नसेल तर किडा कितीही देखणा असो, तो कचरा. हे आम्हाला पहिल्याच तासाला शिकवलं होतं.

सुटीनंतर मी पेटी उघडली तर माझ्या पतंगांखाली नव्या चिठ्ठ्या. गाव तेच, तारीख तीच. गोळा करणाऱ्याचं नाव मात्र वर्गातल्या एका बड्या बागायतदाराच्या मुलाचं. बोंडअळीचा विषयही त्यालाच दिलेला. मी माझ्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत जाऊन टेबलावर हात आपटला. सरांनी चहाची बशी जरा बाजूला सरकवली आणि म्हणाले, "अरे, पतंग विद्यापीठाचे असतात. तुला दुसरा विषय देतो ना. सुक्या मासळीवरचा भुंगेरा. किनाऱ्यावर जा, साठवणीतला जिवंत किडा आण. जूनच्या नोंदणीआधी आणलास तर विषय तुझा. नाहीतर वर्ष गेलं."

वर्गात त्या दिवसापासून माझं नाव बोंबील पडलं.

ठाण्याहून दुसरी बस धरून घोडबंदरच्या रस्त्याने भाईंदर पश्चिमेला उतरलो. बाजार स्टेशनाच्या तोंडाशीच. मराठी, गुजराती, हिंदी एकाच वाक्यात बोलणारी माणसं. एका पाटीवर सुके बोंबील दिसले. एक उचलून मोडला, आत भोक होतं. म्हटलं, मावशी, हा तर पोखरलाय, असले अजून आहेत का? तिने माझ्या हातातला बोंबील हिसकावून घेतला. "सकाळी सकाळी धंदा खराब करायला आलास काय? चल, पुढे हो." कांद्याच्या बाजारात वाढलेला मी, मालाला नावं ठेवल्याशिवाय भाव पडत नाही हे मला ठाऊक होतं. पण मला भाव पाडायचा नव्हता, खराब मालच हवा होता, हे तिला पटवणार कसं? शिवाय सरांना बाजारातला नाही, साठवणीतला किडा हवा होता.

उत्तनला जायला रिक्षा केली. रिक्षावाल्याने भाडं सांगितलं, मी निम्मं केलं.

"इतने में तो मैं भी पैदल जाऊं, साब."

"जाओ. मैं रिक्शा लेके आता हूं."

तो हसला आणि मधल्या कुठल्याशा आकड्यावर आम्ही निघालो. दोन्हीकडे मिठागरं, पांढऱ्या मिठाच्या राशी, कडेला उभी असलेली बगळ्यांची रांग. मग टेकडी, ताडाची झाडं, रस्त्याच्या वळणावर चुन्याने रंगवलेला क्रूस, आणि अचानक समुद्र. समुद्र दिसण्याआधी वास आला होता.

ज्या गावात मी उतरलो ते उत्तनच्या आसपासच्या कोळीवाड्यांपैकी एक. त्याचं नाव या लेखात येणार नाही. का, ते शेवटापर्यंत कळेल. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला पाठ लावायची. घरांच्या मागे किनाऱ्यावर वलांड्या (बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधलेली, मासळी वाळवायची मांडणी) आणि त्यांवर बोंबील, दोन-दोन एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. मला ते आमच्या विभागातल्या प्राध्यापकांसारखे दिसले. पहिल्यांदाच त्या प्रवासात हसू आलं.

मी सरळ विचारायला सुरुवात केली, आणि तिथेच चुकलं.

"किडं? आमच्या सुक्यात?" पहिल्या घरची बाई म्हणाली. "न्हाय रे बाबा. ती पलीकडची निळी खिडकी हाय ना, तिथं विचार. तिच्याकडं असतील."

निळ्या खिडकीतून उत्तर आलं, "कोन बोलला? तिनंच ना? तिच्याच माळ्यावर बघ जा."

दुपारपर्यंत सगळं गाव फिरलो. किडे प्रत्येकाच्या शेजारी होते, घरी कुणाच्याच नव्हते. शेवटी एका पायरीवर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "सरकारी हायस काय?" विद्यापीठातला आहे म्हटल्यावर त्याने सुई थांबवली, आणि गल्लीतल्या उघड्या खिडक्या एकेक करून लागल्या.

मला दारात उभं केलं ते आग्नेस मावशीने. हे तिचं खरं नाव नाही. नवरा होडीवर गेलेला, घरात ती एकटी. तिने पाणी दिलं, मग न विचारता तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं लालभडक कालवण वाढलं. दारावर येशूची तसबीर, तिच्यापुढे दिवा. कालवण इतकं तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशीने पाहिलं.

"तिखटानं रडतोस का आनि कशानं?"

मी सगळं सांगितलं. बोंडअळ्या, चिठ्ठ्या, बागायतदाराचा मुलगा, सर. सांगता सांगता आवाज चढला. ती शांतपणे म्हणाली, "वरडू नको. भांडीवाल्यावानी वरडतोस."

मग मी सौद्याला बसलो. तुझ्या माळ्यावर गेल्या हंगामातला माल असेल, तो दे, चांगल्या मालाचा भाव देतो. आयुष्यात पहिल्यांदा मी किडक्या मालाला पुरा भाव बोललो आणि बोलताना दात दुखले.

"पैसे नको," ती म्हणाली.

"मग?"

"गावाचा नाव नको. कुटंच न्हाय लिवायचा. माझा न्हाय, गावाचा न्हाय."

तिने कारणही सांगितलं. खाडीपलीकडच्या एका वाडीत मासळीवर औषध मारतात अशी कुणीतरी आवई उठवली. खरं-खोटं कुणी बघितलं नाही. पुऱ्या हंगामात व्यापाऱ्याने तिथून एक पाटी उचलली नाही. वाळलेला सगळा माल कोंबड्यांच्या खाद्याच्या भावाने गेला. "तुज्या पुस्तकात आमच्या गावाच्या नावाफुडं किडं लिवलं ना, तर बाजारातला व्यापारी ता पुस्तक वाचनार न्हाय. पन त्याला कोनतरी सांगनार. तेवडा त्याला पुरे."

मी लगेच हो म्हटलं. मनात म्हणत होतो, इतका स्वस्त सौदा मी बाजारात कधी केला नव्हता. माल फुकट आणि किंमत म्हणून फक्त न बोलणं.

"येशूच्या फुडं बोल."

"मी येशूचा नाही, मावशी."

"मग तुज्या आईच्या नावानं बोल. ती तरी तुजी हाय ना?"

आईच्या नावाने बोललो.

माळ्यावर अंधार आणि उकाडा. तिने कोपऱ्यातून गोणपाटात बांधलेला गठ्ठा ओढला. मी गाठ सोडून एक बोंबील तळहातावर आपटला. भुसा पडला, आणि भुशातून तो चालू लागला: काळपट, चिंचोक्यापेक्षाही लहान, पोटाखाली पांढरा. मागून केसाळ तपकिरी अळ्या. मी इतक्या जोरात ओरडलो की मावशी शिडीवरून पडता पडता राहिली.

"अरे, किडाच हाय ना? सोना सापडल्यावानी काय करतोस!"

बरणीत बोंबलाचे तुकडे, वर किडे, तोंडाला मलमल. निघताना मावशीने वर्तमानपत्रात सुक्या बोंबलांची चटणी बांधून दिली. "ह्याच्यात न्हाय हां किडा," ती म्हणाली आणि दोन बोटं नाचवून पुन्हा बजावलं, "नाव न्हाय."

परतीच्या बसमध्ये मी बरणी मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या गृहस्थाने वास येतो म्हणून कंडक्टरला बोलावलं. कंडक्टर म्हणाला, टपावर ठेवा. मी म्हटलं, टपावर मी बसतो, बरणी इथे ठेवा. बराच वाद झाला. शेवटी मागच्या बाकावर, खिडकीशी, आम्हा दोघांना जागा मिळाली. घाटात पुन्हा पुन्हा मलमलवर कान ठेवत होतो. ऐकू काहीच येत नव्हतं. पण जिवंत होते.

नोंदणीच्या आदल्या दिवशी बरणी सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी भिंगातून बघितलं आणि खरोखर खूश झाले. "सुरेख. अंडी घालतायत. काम होईल यावर. लिही चिठ्ठी."

मी लिहिली. तारीख. गोळा करणाऱ्याचं नाव, माझं, ठळक. स्थळाच्या जागी लिहिलं: ठाणे जिल्ह्याचा किनारा.

"किनारा म्हणजे? गाव लिही."

"गाव नाही लिहिता येणार, सर. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"ज्यांनी किडे दिले त्यांना."

सर चक्क हसले. "अरे, मासळीवाल्या बाईला शब्द! विद्यापीठात गावाशिवाय नोंद होते का?" मी तालुक्यावर तोडायला बघितलं. मग म्हटलं, खूण म्हणून एखादा आकडा देतो, गाव पाकिटात बंद ठेवा. सर मान हलवत राहिले. मग त्यांनीच तोडगा काढला. आवाज खाली आणून, अगदी मायेने म्हणाले, "भाईंदरचा बाजार लिही ना. कोण तपासायला जातंय? विषय तुझा, वर्ष वाचलं."

सौदा चांगला होता. आजही सांगतो, चांगला होता. मावशीला दिलेला शब्द राहिला असता, माझी पदवी झाली असती. सरांनी पेनही पुढे केलं. पण त्या पेनाकडे बघताना मला माझ्या पतंगांची पेटी दिसली. हेच पेन असेल. याच आवाजात त्या मुलालाही सांगितलं असेल, कोण तपासायला जातंय.

"चिठ्ठी बदलायची सवय मला नाही, सर," मी म्हणालो. "तुम्हाला आहे."

सरांनी बरणी दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली. "विषय बंद. जा."

वर्ष गेलं. त्यानंतरचीही गेली, मी परत नाव घातलं नाही. बाजारात पंप विकले, मग औषधं, मग लोकांच्या घरांत आणि गोदामांत जाऊन कीड मारण्याचं कंत्राट घेऊ लागलो. पोट त्यावर चाललंय, बरं चाललंय. नावामागे एम.एस्सी. नाही, आणि ते आठवलं की आजही गिऱ्हाइकाशी मी गरजेपेक्षा जास्त भांडतो.

मध्ये एकदा कामानिमित्त विद्यापीठात गेलो होतो. विभागातल्या काचेच्या कपाटात माझे पतंग अजून आहेत, पंख जरा विटलेत. चिठ्ठीवर गाव खरं आहे, नाव खोटं. माझ्या बरणीवर नाव खरं होतं आणि गाव नव्हतं. विद्यापीठाला पहिलं चाललं.

उत्तनला त्यानंतर गेलो नाही. पण भाईंदरच्या बाजारात अजून कधी उतरलो तर सुक्या बोंबलाची पाटी बघून थांबतो. बोंबील मोडून बघत नाही. भाव मात्र पाडतो.