भीमा लॉक दाबत नाही

मिरजगावच्या स्टँडसमोर भीमाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, दाखले आणि जून लागला की कॉलेजचे फॉर्म. मी स्वतः बी.ए. झालेली, तरी लेकीच्या, सृष्टीच्या फॉर्मला हात लावायची हिंमत झाली नाही. तिला घेऊन त्याच्याकडे गेले.

पुण्याचं एक खासगी विद्यापीठ होतं. सीईटी किंवा जेईई, एकाच परीक्षेचे गुण भरायचे. लॉक केल्यावर बदल नाही. सृष्टीला सीईटीला एक्क्याण्णव पर्सेंटाइल, जेईईला चौऱ्याऐंशी.

“एक्क्याण्णव टक्केवालं भर,” मी म्हणाले.

“ताई, ते टक्के न्हाईत. शंभरातली किती पोरं हिच्या मागं राहिली, त्याचा आकडा हाय. अन् दोन्हीकडची गर्दी निराळी. ह्याच्यावरून रोज एका बापाशी भांडतो मी.”

त्यानं मागच्या वर्षीची यादी उघडली. सीईटीवाल्यांचा प्रवेश चौऱ्याण्णववर थांबला होता, जेईईवाल्यांचा एक्क्याऐंशीवर.

“यंदा सीईटीचं खाली आलं तर?”

“येईल बी. मी काय ज्योतिषी हाय व्हय?”

“मग तूच ठरव आणि दाब.”

त्यानं माउसवरचा हात काढला. सहा वर्षांपूर्वी एका बापाच्या सांगण्यावरून त्यानं लॉक दाबलं होतं. पोरगी मागच्या बाकावर बसलेली, तिला कुणी विचारलंच नाही. नेमके नको ते गुण गेले आणि तिचं वर्ष वाया गेलं. तेव्हापासून फॉर्म भीमा भरतो, पण लॉक ज्याचं त्यानं दाबायचं.

“मम्मी, जेईई,” सृष्टी म्हणाली आणि दाबलंसुद्धा. मी अजून पर्समध्ये चष्मा शोधत होते.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. मी तडक दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर भीमाला नाही नाही ते बोलले. त्यानं खुर्ची पुढं सरकवली.

“दुसरी यादी गुरुवारी हाय, ताई. तवर मला बोला. पोरीला बोलू नका.”

पोरीला मी सकाळीच बोलून आले होते.

काल, गुरुवारी, तिचं नाव आलं. सीईटीवाल्यांचा प्रवेश यंदाही त्र्याण्णवच्या खाली उतरला नाही. सगळे झोपलेत, मी लिहीत बसलेय. उद्या भीमाकडे जायचंय, पण त्याआधी सृष्टीची माफी मागायची आहे. ती कशी मागतात, हे मात्र कुणाच्या दुकानात विचारता येत नाही.