माझं जनावर सुटलं

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. मास्तरानं कान पिळला, मी पाटी त्याच्या पायापाशी ठेवली अन् घरी आलो, ते परत गेलोच नाही. बापानं बदडलं, तरी नाही गेलो. स्वभाव तेव्हापासून असाच. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं काहून असं केलं, काहून तसं केलं, हे कोणी विचारू नये.

गाव आमचं नरखेड तालुक्यात. संत्र्याचा बगीचा, थोडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, एक विहीर. गावाच्या उत्तरेला झुडपी जंगल लागतं ते टेकड्यांपर्यंत जातं. शिकारीला तेव्हा बंदी नव्हती. पीक राखायला म्हणून माझ्याकडं भरमार बंदूक होती, नळीतून दारू अन् गोळी ठासायची ती जुनी तऱ्हा. हिवाळ्यापुरता जंगलखात्याचा पास मिळायचा, एका चितळाचा. थंडी सरली की पास सरला.

मी एकटा शिकारीला जात नव्हतो. माझा एक जोडीदार होता. त्याचं वावर माझ्या वावराला लागून, मधात फक्त धुरा, दगडमातीचा बांध. वयानं बरोबरीचा, बंदूक त्याच्याकडंही होती. पण त्याची खरी करामत जमीन वाचण्यात. ओल्या मातीत खूर पाहून सांगायचा, जनावर सकाळी गेलं की आत्ताच, भ्यालेलं होतं की चरत चरत गेलं. निशाणा माझा, माग त्याचा, असं आमचं बारा हिवाळे चाललं. गोळ्यासुद्धा आम्ही एकाच साच्यात ओतायचो, त्याच्या घरच्या चुलीवर. त्याची बायको ओरडायची, "भाकरीच्या चुलीवर शिसं नोका ना वितळवू!" अन् मग आम्हालाच चहा द्यायची.

आमच्या गावात शिकारीचे दोन कायदे होते. माझ्या बापाच्याही आधीपासूनचे. पहिला असा, की गोळी लागून जनावर सुटलं, तर बंदूकवाल्यानं जोडीदाराच्या दारात जायचं, जोडे काढायचे अन् एवढंच म्हणायचं, "माझं जनावर सुटलं." मग दोघांत कितीही वैर असो, जोडीदार उठतो. काही विचारत नाही, टोमणा मारत नाही. दोघं मिळून जनावर शोधतात, कारण जखमी जीव रानात तडफडत ठेवणं हे पाप. दुसरा कायदा असा, की मेलेलं जनावर दुसऱ्या कोणाला सापडलं, तर त्यानं ते पाल्याखाली झाकून ठेवायचं. सुरी लावायची नाही. पहिली सुरी गोळी मारणाऱ्याचीच. तो येईपर्यंत थांबायचं.

त्या वर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला आमचं भांडण झालं. त्याच्या पऱ्हाटीत रानडुक्कर घुसलं होतं. दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी बार काढला. डुक्कर पडलं. कापलं तर आत गोळी एकच. साचा एक, शिसं एक, कोणाची गोळी कसं सांगणार? ज्याची गोळी त्याचे सुळे, असा रिवाज. मी म्हटलं, माझी. तो म्हणाला, "मी जवळून मारलं गा, तू तर धुऱ्यावर होता." चार माणसं उभी होती. चार माणसांसमोर मी मागं सरत नाही. म्हणालो, "तू नुसता खूर हुंगनारा मानूस. निशाना तुहा कवा होता?"

तो हसला. "घेऊन जा सुळे. तुह्या घरच्या खुटीले टांगाले काहीतरी पाहिजेच."

मी सुळे घेतले. तो म्हणाला, "अन् आता एकटाच जात जा. निशाना हाय न तुह्यापाशी."

तेव्हापासून बोलणं बंद. धुऱ्याच्या अल्याड मी, पल्याड तो. त्याची मोट चालायची तेव्हा मी माझ्या बैलांशी मोठ्यानं बोलायचो, म्हणजे त्याला वाटावं की मला काही फरक पडत नाही.

पौष सरत आला तरी माझा पास कोराच. गावात विचारायचे, "काहो, यंदा चितळ नाही?" मी म्हणायचो, "घाई काय हाय?" पास संपायला आठ दिवस उरले अन् हवा बिघडली. तीन दिवस आभाळ असं खाली आलं की टेकड्याच दिसेनात. आमच्या इकडं असं होत नाही. हिवाळ्याचं आमचं ऊन म्हणजे काचेसारखं. त्या दिवसांत मात्र धुवारी पडली होती, असं दाट धुकं की दुपारपर्यंत हलायचं नाही. चौथ्या दिवशी सकाळी थोडं मोकळं झालं अन् मी बंदूक घेऊन निघालो. बायको म्हणाली, "अजी, असल्या हवेत दारू सर्दते म्हनून तुम्हीच सांगत जा न?"

मी म्हटलं, "मले शिकवू नोको."

जंगलात आवाज नव्हता. ओल्या पाचोळ्यावर माझाच पाय मला ऐकू येत नव्हता. माग कसा काढायचा ते मी बारा वर्षं पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं. खूर दिसायचे, बोलायचे नाहीत. दुपारी एका नाल्याच्या काठावर चितळाचा नर उभा दिसला, मोठ्या शिंगांचा, एकटाच. मी बार काढला. दारू सर्दली होती, घोड्याखालची टोपी पेटली अन् एक पळभर काहीच झालं नाही, मग बार उडाला. त्या पळभरात तो वळला. गोळी खांद्यात लागायची ती पोटात लागली. त्यानं पाठीची कमान केली अन् झुडपात घुसला. पोटात लागलेलं जनावर असंच करतं.

मी दुसरा बार भरत होतो तेव्हा गारा सुरू झाल्या. पहिले हरभऱ्याएवढ्या, मग आवळ्याएवढ्या. मी मोहाच्या बुंध्याला चिकटून उभा राहिलो, बंदुकीवर घोंगडं टाकून. अर्ध्या घंट्यानं थांबलं तेव्हा जमीन सगळी पांढरी. मी आयुष्यात जमीन पांढरी पाहिली नव्हती. रक्ताचा एक थेंब दिसेना. खूर दिसेना. अन् थंडी अशी की बोटं माझी वाटेनात. मी तिथं उभा राहून एकदा मागं वळून पाहिलं. सवय. मागं कोणी नव्हतं.

घरी आलो तर बायको बगीच्यात होती, ओंजळीत फुटकी संत्री घेऊन. अर्धी फळं खाली, पानं चाळणीसारखी. मी बंदूक टेकवली तशी तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं अन् समजली.

"सुटलं का जी?"

मी घोंगड्यातलं पाणी झटकलं.

"मंग जा न त्यायच्याकडं. एकच तर वाक्य हाय."

मी म्हटलं, "उद्या सापडते. पोटात लागलेलं जनावर पान्याकडं जाते."

हे खरं होतं. पोटात गोळी लागली की तहान जाळते, जनावर पाण्याजवळच पडतं. दुसऱ्या दिवशी मी नाला पूर्ण धुंडाळला, वरपासून खालपर्यंत. दोन डोह पाहिले, जुनी बावडी पाहिली. नाही. माझ्या डोक्यात हे आलंच नाही की गारा वितळून रानभर पाणी झालं आहे. प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक सरीत पाणी. त्या चितळाला नाल्यावर जायची गरजच उरली नव्हती. जोडीदार असता तर पहिल्या पावलालाच म्हणाला असता.

तिसऱ्या दिवशी मी टेकडीवर चढून बसलो, गिधाडं पाहायला. तेव्हा आमच्या आभाळात गिधाडं भरपूर. ढोर मेलं की घंट्याभरात घिरट्या सुरू. दिवसभर बसलो. धुवारी फाटली, आभाळ निळं झालं, एक गिधाड उतरलं नाही. मी मनाला समजावलं, म्हणजे मेलंच नाही. जखम भरली असेल. पोटातली जखम भरत नसते, हे मला माहीत होतं. भाकरीचं फडकं त्या दिवशी मी सोडलंच नाही, तसंच परत आणलं. बगीच्यातली संत्री त्या दिवशी सडायला लागली. बायको एकटी वेचत होती.

संध्याकाळी गावाच्या तोंडाशी जोडीदार समोरून आला, बैल घेऊन. वाट अरुंद. तो थांबला. बाजूला झाला नाही, नुसता थांबला, माझ्याकडं पाहत. बैलानं शेपटी मारली. मला वाटलं, हा हसेल आता. निशाण्याचं काय झालं, असं विचारेल. मी खाली मान न घालता बाजूनं निघून गेलो. मागून त्याचं पाऊल बराच वेळ ऐकू आलं नाही. तो तिथंच उभा असावा.

चौथ्या दिवशी मी शोधायला गेलो नाही. धुऱ्यावर गारांनी दगड ढासळले होते, ते लावायला गेलो. तिथं वास आला. त्याच्या वावरात, पऱ्हाटीच्या टोकाला, धुऱ्यापासून वीसेक पावलांवर निंबाच्या डगाली, पाल्यासकट तोडलेल्या फांद्या, रचलेल्या होत्या. बुडखे सगळे एका बाजूला, व्यवस्थित. असं रचणारा गावात एकच माणूस. मी धुरा ओलांडला. डगाली उचलल्या. सगळ्यात वरच्या हिरव्यागार, आज सकाळच्या. त्याखालच्या कोमेजलेल्या. त्याखालच्या सुकलेल्या. अन् खाली माझं चितळ. सुरी लागलेली नव्हती. शेजारच्या सरीत पाणी साचलेलं होतं, तोंड त्या पाण्याच्या दिशेनं.

म्हणजे पहिल्याच दिवसापासून ते त्याच्याकडं होतं. गिधाडांना दिसू नये म्हणून त्यानं झाकलं अन् म्हणूनच मला टेकडीवरून काही दिसलं नाही. तो रोज ताजा पाला आणून टाकत होता. मी येऊन एक वाक्य म्हणीन, मग दोघं मिळून कापू, म्हणून. कायद्यानं तो स्वतः येऊन मला सांगू शकला असता. वाटेत थांबला तेव्हा सांगू शकला असता. पण तोही काही कमी नव्हता. पहिलं वाक्य माझं होतं, अन् त्यानं ते माझ्यासाठी राखून ठेवलं.

आता मांस खायच्या लायक राहिलं नव्हतं. मी कुदळ आणली अन् तिथंच, त्याच्या वावरात खड्डा खणला. शिंगं काढली नाहीत. माती टाकताना पाहिलं तर तो त्याच्या विहिरीच्या काठावर बसलेला. बिडी ओढत. उठून आला नाही. मी हाक मारली नाही. खड्डा बुजवून मी धुरा ओलांडून माझ्या बाजूला आलो तेव्हा तो उठला अन् बैल सोडायला गेला.

त्यानंतर मी बंदूक भरली नाही. पुढं शिकारच बंद झाली, बंदूक मी जमा करून टाकली. आमचं बोलणं हळूहळू सुरू झालं, पण वावराचं. पंप बिघडला, खत आलं का, एवढंच. काही वर्षांनी त्याचा मुलगा नागपूरला नोकरीला लागला अन् नंदनवनात घर घेऊन आईबापांना घेऊन गेला. त्याचं वावर दुसऱ्यानं केलं. त्या माणसाशी मी आजही नीट बोलत नाही, त्याचा काही दोष नाही तरी.

बरीच वर्षं गेली. एका हिवाळ्यात पुन्हा गारा पडल्या, तितक्या नाही, पण पडल्या. मी अंगणात उभा राहून पाहिल्या अन् दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. पिशवीत संत्री. सदऱ्याच्या खिशात त्या डुकराचे सुळे, फडक्यात बांधलेले. सीताबर्डीला उतरलो, विचारत विचारत नंदनवनला पोचलो. घर सापडलं. तो गच्चीवर खुर्ची टाकून उन्हात बसला होता. वाळला होता. मला पाहून म्हणाला, "ये गा."

त्याच्या बायकोनं चहा आणला. इकडचं तिकडचं झालं. कोण गेलं, कोणाच्या पोरीचं झालं. मग वहिनी एकदम म्हणाल्या, "त्या गारायच्या सालात चार दिवस यायनं मले तुमची भाकर टाकाले लावली होती जी. रोज म्हने, तो येईन आज. रोज माह्या गाईले गेली भाकर."

"सोड वं," तो म्हणाला.

"काहून सोडू? चुलीपाशी मी बसत होती, तुम्ही नाही."

त्या खाली गेल्या. आम्ही दोघं बसलो. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. खिशात माझा हात होता, बोटांना सुळ्याचं टोक लागत होतं. ती गोळी त्याची असेल. मला माहीत नाही. त्या दिवशीही मला माहीत नव्हतं, फक्त चार माणसं उभी होती.

तो मला सोडायला बसथांब्यापर्यंत आला. मी नको म्हटलं तरी आला. त्याला चालायला त्रास होत होता, मधात दोनदा थांबला, तेव्हा मीही थांबलो. थांब्यावर बराच वेळ उभे राहिलो. तो रस्त्याकडं पाहत होता, माझ्याकडं नाही. मग म्हणाला, "बोल."

मी तोंड उघडलं. वळणावरून गाडी येताना दिसली.

"बस आली," मी म्हणालो.

तो मान हलवून बाजूला सरकला. मी चढलो, खिडकीपाशी बसलो. तो तिथंच उभा होता, हात मागं बांधून. गाडी सुटली तरी उभा होता.

उन्हाळा लागण्याआधी तो गेला. निरोप दोन दिवसांनी पोचला, मग जाऊन काय करणार होतो. सुळे माझ्याकडंच आहेत. खुंटीला नाही टांगले. पेटीत आहेत, त्याच फडक्यात.