बॅटरीतला झेंडू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साकीनाक्यावर माझी मोटरसायकल बंद पडली. किक मारून पाय भरून आला. मरोळच्या आमच्या कारखान्याचा भोंगा आता होणारच होता.

एक अनोळखी माणूस स्कूटर लावून आला. आपला डबा त्याने माझ्या हातात दिला, गाडीचं झाकण उघडलं आणि हसला. पूजेत मी बॅटरीलाही सोडलं नव्हतं. वायरीखाली हळदकुंकवाचा चिखल झाला होता, त्यात झेंडू.

फूल त्याने अलगद खिशात ठेवलं, टर्मिनल चाकूने खरवडलं, नट आवळला.

“बॅटरीक फूल नको, ग्रीस व्हया.”

पहिल्या किकला गाडी चालू झाली. मग त्याने तेच फूल हेडलाइटच्या कडेला खोचलं आणि भर रस्त्यात चपला काढून हात जोडले.

तेवढ्यात भोंगा झाला. मी सावकाश बूट काढले.