ट्रेसरकाकूंची राजकन्या

ट्रेसरकाकू रेघ ओढताना श्वास घेत नसत. समोर बसलेल्यानंही घेऊ नये अशी त्यांची अपेक्षा असे. घाटकोपरच्या आमच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. साकीनाक्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. कॉम्प्युटर आले आणि काकू घरी बसल्या. हात मात्र घरी बसायला तयार नव्हते.

मी तेव्हा जुन्या परीकथा नव्यानं सांगणारं कॉमिक करत होते. पेन्सिलीनं बरं काढायचे, पण शाई हातात घेतली की सगळा आनंदीआनंद. काकूंनी एक पान पाहिलं. "रेघ आहे की शेवई गं ही?" असं विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझी पानं त्यांच्या टेबलावर गेली.

जुनी सवय जाता जात नव्हती. एकदा त्यांनी राक्षसाच्या गदेला मधोमध तुटक मध्यरेषा मारली आणि बाजूला व्यासही लिहून ठेवला. मी हसले, तर म्हणाल्या, "माप नसेल तर बनवणारा बनवेल कशी?" मग अर्ध्या ब्लेडनं ती शाई अलगद खरवडून काढली, जराशा नाराजीनंच.

शेवटची गोष्ट होती बिनजिन्याच्या मनोऱ्यात कोंडलेल्या राजकन्येची. राजपुत्र येतो, तिच्या लांब केसांना धरून चढतो वगैरे. काकूंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या की त्या सरळ मालवणीवर येत. "अगो, जिनो नाय तर गवंडी खाली इलो कसो?"

उत्तरही त्यांच्याकडेच होतं. उंच भिंत रचताना उभं राहायला गवंडी परांची बांधतो तेव्हा तिची लाकडं भिंतीत खुपसतो. लाकडं काढली तरी भोकं राहतात. "पोरीला डोळे आहेत ना? मग त्या भोकांत पाय रोवून उतरेल की आपली आपण." मी त्या गोष्टीची सगळी पानं फाडली आणि पुन्हा काढायला बसले.

मालाडच्या एका प्रकाशकाला पुस्तक आवडलं, शेवट सोडून. राजपुत्रानं तिला खाली आणलं तर छापतो, म्हणाला. माझं पहिलंच पुस्तक. मी फोनवर हो म्हणून मोकळी झाले. काकूंना सांगताना मान वर होईना. त्या ओरडल्या नाहीत. "तुला छापायचंय तर छाप. पण शाई दुसऱ्याकडून करून घे. मी ह्या पोरीला कोणाच्या खांद्यावर टाकणार नाही," एवढंच म्हणाल्या. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि दोन दिवसांनी स्वतःची लाज वाटली. मी होकार मागे घेतला. पुस्तक बोंबललं.

त्यातच काकूंचा हात कापायला लागला. हे आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. शाईची चार पानं उरली होती. सकाळच्या गोळीनंतर हात तासभर ताब्यात असायचा, तेवढ्यात एक चौकट व्हायची. कधी अर्धीच, आणि कित्येक दिवस तीही नाही. "काकू, छापणारं कोणी नाहीये," मी एकदा म्हटलं. "छापेल कोणीतरी. आधी पुरं तर कर," त्या म्हणाल्या. चार पानांना चार महिने लागले.

शेवटच्या पानावर राजकन्या भिंतीला धरून उतरते. तिच्या हातांची रेघ सगळी थरथरली होती. "कॉम्प्युटरवर सरळ करते मी," मी म्हटलं.

"हात लावू नको. एवढ्या उंचावरून उतरणाऱ्या बाईचे हात थरथरणारच."

पुढच्या वर्षी काकू गेल्या. पुस्तक मी नंतर स्वतःच छापायला दिलं. छापखान्यातून फोन आला, "मॅडम, लास्ट पानावर रेघ हललीये. साफ करून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही," मी म्हटलं. "तशीच छापायची." फोन ठेवला आणि मग मात्र पोटभर रडले.