सुनेला दिलेली भिशी

शुद्धलेखन चुकेल, त्याची आधीच माफी मागते. अक्षरही चांगलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि त्यापुढे लिहायचं काम पडलं ते फक्त वाणसामानाच्या यादीपुरतं. सून म्हणाली होती, लिहा, मी तपासून देते. मी नको म्हटलं. तिच्याबद्दलच लिहायचं आणि तिलाच दाखवायचं, मला लाज वाटते.

नावं लिहिणार नाही. ह्यांचं नाव मी तोंडानेही घेत नाही, मग बाकीच्यांची कशाला लिहू?

हे केंद्र सरकारच्या एका ऑफिसात शिपाई होते. आमची सगळी उमेदीची वर्षं सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि गाझियाबादला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. बुकिंगला पैसे कमी पडत होते तेव्हा माझ्या आईच्या पाटल्या मोडल्या. हे म्हणाले होते, पहिला एरियर आला की तशाच करून देतो. एरियर आला, त्यात नणंदेचं ऑपरेशन झालं. मी पुन्हा विषय काढला नाही. आपल्याच माणसांकडे काय मागायचं, असं मला वाटायचं, आणि मागायला गेले तरी माझा आवाज फुटत नाही.

मुलगा नोएडाला कुरिअर कंपनीत आहे. त्याचं लग्न झालं आणि वाशीमकडची सून घरात आली. बारावी झालेली, सावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. मला आधी तिची भीतीच वाटली होती.

पहिल्या दिवाळीनंतर एकदा जेवताना ती म्हणाली, "मला पुढे शिकायचंय."

"शीक ना यार, कोण नाही म्हणतंय?" मुलगा म्हणाला. "कंप्युटरचा कोर्स कर."

"कंप्युटरचा नाही. महिला अध्ययनाचा."

दिल्लीत एका कम्युनिटी कॉलेजात वर्षाचा डिप्लोमा होता. बाजारातल्या भिंतीवर तिने जाहिरात वाचली होती.

मुलगा हसायला लागला. "म्हणजे बायका कशा असतात ते शिकवणार? ते तर आई फुकटात शिकवेल."

हेसुद्धा हसले. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. भाताचा घास कालवत म्हणाली, "आईंना काय येतं ते त्यांना कुणी कधी विचारलंय का?"

मुलाने सांगून टाकलं की कंप्युटर असता तर फी भरली असती, याला भरणार नाही. फ्लॅटचा हप्ताच त्याला जड जातो, त्याचंही चुकीचं नव्हतं.

आता भिशीचं सांगते. सरोजिनी नगरच्या आम्हा मराठी बायकांची जुनी भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेले पैसे आणायचे, चिठ्ठी काढायची, जिची चिठ्ठी निघेल तिला त्या महिन्याची सगळी रक्कम. तिथे आम्ही एकमेकींना क्वार्टरच्या नंबराने ओळखतो. बत्तीसच्या वहिनी, सतराच्या काकू, तशी मी एकेचाळीसची. जुनी क्वार्टरं पाडली, तिथे उंच टॉवर उभे राहिले, कुणी द्वारकेला गेलं, कुणी फरिदाबादला, पण नंबर अंगाला चिकटलेत ते चिकटलेच. बत्तीसच्या वहिनींचा मुलगा सरकारी नोकरीत आहे, त्याला तिथेच टॉवरमध्ये घर मिळालं, म्हणून भिशी आता त्यांच्याकडे बसते.

भिशीचे पैसे मी माझ्या कमाईतून भरते. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट करून विकते. दिल्लीतल्या मराठी घरांना गोडा मसाला कुठे मिळतो?

भिशीत एक रीत आहे. चिठ्ठी निघाली की त्या बाईला "या पैशांचं काय करणार?" असं कुणी विचारायचं नाही. ही रीत कधी कुणी बोलून ठरवली नाही. घरी कुणी काय सांगितलंय, पैसे कुणापासून लपवायचेत, हे जिचं तिला माहीत. अभिनंदन करायचं, चहा प्यायचा, घरी जायचं.

सुनेच्या फीचा वाद झाला त्याच महिन्यात माझी चिठ्ठी निघाली. माझ्या मनात पाटल्या होत्या. दोन वर्षं त्यांचाच विचार होता, सरोजिनीच्या बाजारातून जाताना सोनाराच्या काचेपुढे मी हळू चालायचे. पण त्या दिवशी येताना मेट्रोत माझ्यासमोर कॉलेजच्या मुली उभ्या होत्या, वह्या छातीशी धरून, आणि मला सारखी घरची ती दिसत होती, भाताचा घास कालवणारी.

घरी आल्यावर मी पाकीट तिच्या हातात दिलं. "फी भर. मेट्रोचं कार्ड कर. उरतील त्यातून जुना लॅपटॉप बघ."

ती घेईना. "उसने घेईन. परत करीन."

"अगं, घरातल्या घरात कसलं उसनं?"

"हे पैसे घरातले नाहीत, आई. तुमचे आहेत. मसाला तुम्ही भाजलात."

मी म्हटलं, बरं बाई, उसने तर उसने. तिचं समाधान व्हावं म्हणून म्हटलं. माझ्याकडून गेलेले पैसे परत आल्याचं मला तरी आठवत नव्हतं. ह्यांना आणि मुलाला वाटलं, फी तिच्या माहेरून आली. आम्ही दोघी काही बोललो नाही.

कॉलेज सुरू झालं. दुपारी जायची, संध्याकाळी यायची. आल्यावर हातपाय धुऊन माझ्याजवळ भाजी निवडायला बसायची आणि त्या दिवशी शिकवलेलं सगळं मला मराठीत सांगायची. शिकवणं हिंदीत, पुस्तकं इंग्रजीत. ती म्हणायची, "तुम्हाला कळलं तर मला कळलं असं समजायचं."

पहिल्या दिवशी म्हणाली, "जेंडर." मी म्हटलं, ते काय असतं? तिने बराच वेळ विचार केला. मेथीची अख्खी जुडी निवडून झाली. मग म्हणाली, "बाई जन्माला येते, ते वेगळं. आणि बाईने सगळ्यांच्या मागून उरलेली भाकरी खायची असं ठरवलं, ते वेगळं. ते दुसरं आहे ना, ते."

मला कळलं. म्हणजे तिलाही कळलं असणार.

मी तिचं काय काय कौतुक सांगू? ऐकलेलं विसरायची नाही. वाद घालायची पण आवाज चढवायची नाही. परीक्षेच्या दिवसांतही मसाल्याची खसखस भाजायला उभी राहायची, एका हातात उलथणं आणि दुसऱ्या हातात कागद. मी म्हणायचे, खसखस करपेल. म्हणायची, "नाही करपत, नाक तिकडेच आहे." आणि खरंच कधी करपली नाही. कायद्याचं शिकली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईला पोलिसात द्यायचा अर्ज लिहून दिला. ती बाई आमच्याशी कधी बोलतही नसे, आता जिन्यात दिसली की हात जोडते.

चुकली ती एकदाच.

कॉलेजातून तिला काम मिळालं होतं, बायकांना जाऊन विचारायचं की तुमच्या स्वतःच्या नावावर काय आहे. ती म्हणाली, मला भिशीला न्या. मी नेलं. तिथली रीत तिला सांगायला हवी होती, पण माझ्या ते ध्यानातच आलं नाही. रीत आपल्या अंगवळणी पडलेली असते, सांगायची कुठे असते?

चहा झाला आणि हिने सगळ्यांसमोर सुरुवात केली. "काकू, तुमच्या नावावर काय काय आहे? घर? बँकेत काही? अंगावरचा दागिना मोडायचा तर कुणाला विचारावं लागतं?"

बत्तीसच्या वहिनींनी कप खाली ठेवला. "एकेचाळीस, ही सून आणलीस का इन्कमटॅक्सची धाड?"

सगळ्या हसल्या. सुनेला वाटलं, चेष्टा आहे, चाललंय ठीक. ती सतराच्या काकूंकडे वळली, कारण त्या सगळ्यांत गरीब स्वभावाच्या. "आणि काकू, तुमची भिशी निघाली तेव्हा त्याचं काय केलंत?"

सतराच्या काकू पदर नाकाला लावून रडायला लागल्या. त्यांची भिशी दोन महिन्यांपूर्वी निघाली होती. ते पैसे कुठे गेले ते आम्ही तेव्हाही विचारलं नव्हतं आणि आजही मी लिहिणार नाही.

परत येताना वैशाली मेट्रो स्टेशनला उतरल्यावर सून म्हणाली, "मॅडमनी सांगितलं होतं, एकेकटीला विचारा. मला घाई झाली."

पण काकूंनी घरी जाऊन नवऱ्याला विचारलं की माझ्या नावावर काय आहे. त्यांचा फोन सरळ माझ्या मुलाला आला.

मुलगा दारात चप्पल काढतानाच सुरू झाला. "सतरावाले काका म्हणतात तुमची सून घरं फोडत फिरते. हे शिकवतात तिथे?"

"माझं चुकलं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. मी काकूंची माफी मागून येईन. पण..."

"पण-बिण काही नाही. बस, हो गया. उद्यापासून कॉलेज बंद."

तिने ह्यांच्याकडे बघितलं. हे टीव्हीकडे बघत होते. म्हणाले, "आपल्याला लोकांत राहायचंय, बाई. त्याचं ऐक."

अर्धं वर्ष झालं होतं. कॉलेज सुटलं असतं तर हातात काहीच आलं नसतं, ना कागद, ना नोकरी. ती उभी होती आणि मी पहिल्यांदाच तिची मान खाली गेलेली बघितली.

मी भाकरी थापत होते. कशी बोलले ते मला सांगता येणार नाही. "बंद कसं करणार? माझे पैसे आहेत त्यात."

"कुठले पैसे?"

"भिशीचे. तिने माझ्याकडून उसने घेतलेत."

"उसने म्हणजे?" दिल्लीत वाढलेला मुलगा माझा, त्याला हा शब्दच ठाऊक नव्हता.

"उधार," सून हळूच म्हणाली.

"कोर्स अर्धा सुटला तर तिला नोकरी नाही," मी म्हटलं. "नोकरी नाही तर माझे पैसे बुडाले. तू भरून देणार आहेस का?"

"आई, तू पण ना. घरातल्या घरात कसले..."

"पाटल्याही घरातल्या घरातच गेल्या."

हे मी परातीकडे बघून बोलले. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग हे मुलाला म्हणाले, "जाऊ दे तिला. वर्ष पुरं करू दे."

मुलगा आत निघून गेला. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी मेट्रोच्या कार्डात पैसे भरून आला आणि काही न बोलता ते तिच्या पर्सवर ठेवलं.

त्या रविवारी ती एकटी सतराच्या काकूंकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पुढच्या भिशीला काकूंनी तिच्यासाठी नारळाच्या वड्या पाठवल्या, त्यावरून मी काय ते समजले. बाकीच्यांकडेही ती एकेक करून गेली, दुपारच्या वेळी, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून लसूण सोलत विचारलं. बत्तीसच्या वहिनीसुद्धा बोलल्या म्हणे, आणि बोलायला लागल्या त्या थांबेचनात.

शेवटच्या दिवशी कॉलेजात प्रत्येकीने आपलं काम सगळ्यांपुढे मांडायचं होतं. मला घेऊन गेली. मी मागच्या बाकावर बसले. चौथीनंतर पहिल्यांदा बाकावर बसले होते, गुडघे लागत होते. ती पुढे उभी राहून हिंदीत बोलली, वऱ्हाडी वळणाच्या हिंदीत. कुणाचं नाव घेतलं नाही, नंबरसुद्धा नाही. तिच्या वर्गात वयाने मोठ्या बायका होत्या, नोकरी करणाऱ्या, एकदोघी माझ्या वयाच्याही, आणि त्या सगळ्या माना पुढे काढून ऐकत होत्या. मला वाटलं, ही माझ्या घरात खसखस भाजते.

मॅडम माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, आप भी कुछ बोलिए. मी नको नको म्हणत मान हलवली. सून हसली. "मॅम, उनको जब बोलना होता है, तब बोलती हैं."

डिप्लोमा झाला. गाझियाबादलाच बायकांच्या एका सल्ला केंद्रात तिला काम मिळालं. घरात मार खाऊन आलेली बाई असेल तर आधी तिला पाणी द्यायचं, मग बसवायचं, मग तिला सांगावंसं वाटेल तेवढंच ऐकायचं. ती म्हणते की हे ती सतराच्या काकूंकडून शिकली.

पगार फार नाही. पण पहिल्या महिन्यापासून तिने माझे पैसे फेडायला सुरुवात केली. कपाटावर ठेवले नाहीत, मुलाच्या हाती पाठवले नाहीत, माझ्याच हातात दिले. ह्यांनी एकदा म्हणून बघितलं, "अगं, सासूला कुणी परतफेड करतं का?" ती म्हणाली, "बाबा, बँकेचे हप्ते आपण भरतोच की."

परवा पगार झाला. ती आल्या आल्या माझ्यापुढे बसली. "आई, हे शेवटचे. मोजून घ्या."

"कशाला मोजायचे? तू दिलेत ना."

"मोजा."

मी मोजले. मुलगा दारात उभा होता. त्याने विचारलं, "आई, आता याचं काय घेणार?"

"असं विचारायचं नसतं," सून म्हणाली.

मी नोटा सरळ केल्या आणि तिला सांगितलं, बरोबर आहेत, सगळे फिटले.